परवानगी नाही म्हणजे गॉसिपच?

बँडने परवानगी न दिलेलं चरित्र म्हणजे गॉसिप, हे मत मला काही पटत नाही. बीटल्स या चौघांच्या ब्रिटिश बँडचंच घ्या. हंटर डेव्हिसचं १९६८चं चरित्र अधिकृत. चौघांशी पोटभर गप्पा झाल्या, पण मजकूर घरच्यांना दाखवावा लागला. बँडमधल्या जॉन लेननच्या मिमीमावशीने त्याच्या लहानपणीच्या शिव्या आणि चोऱ्यांवर हरकत घेतली, झालं, लेखकाला नमतं घ्यावं लागलं.

उलट मार्क लुईसनचं 'ट्यून इन' (२०१३) बँडच्या शिक्क्याविना लिहिलेलं. इतका जाडजूड खंड आणि गोष्ट पोचते जेमतेम १९६२च्या अखेरीपर्यंत! कारण लुईसन करार, पत्रं, तेव्हाची वर्तमानपत्रं तारखेनिशी ताडून बघतो. निर्माता जॉर्ज मार्टिन भारावला म्हणून ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने बीटल्सना घेतलं, ही लाडकी दंतकथा लुईसननेच खिळखिळी केली. कंपनीच्या गाणी प्रकाशित करणाऱ्या शाखेला लेनन-मॅकार्टनी या बँडमधल्या गीतकार जोडीची गाणी हवी होती, असं त्याचं म्हणणं. तेच किस्से पन्नास वर्षं सांगणाऱ्या स्टारपेक्षा मला तरी असा कागद जास्त भरवशाचा वाटतो.

अनधिकृत लेखकाची खरी कोंडी वेगळीच: गाण्यांच्या ओळी. त्या छापायच्या तर सहसा हक्कधारकाची परवानगी लागते, आणि तो पैसे मागतो. फोटोंचंही तेच.