३० हजारांत गाड्यांचे फोटो काढायला पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. काकांकडे १९८७ ची प्रीमियर पद्मिनी आहे, क्रीम रंगाची, क्रोमचे बंपर अजून ओरिजिनल. गेली दोन वर्षं त्यांनी सांगलीतल्याच एका मेस्त्रीकडे बसून बसून तिचं पत्र्याचं काम आणि पेंटिंग करून घेतलं, आता गाडी इतकी सुरेख झालीये की तिचे नीट फोटो काढून काकांच्या साठीला अल्बम द्यायचं ठरवलंय. मोबाईलवर काढून बघितले, पण पुढचा भाग फुगल्यासारखा येतो, बॉनेटवर झाडं नि विजेच्या तारा दिसतात, आणि क्रीम रंग संध्याकाळी एकदम पिवळा होतो. बजेट ३० हजार, कॅमेरा लेन्स ट्रायपॉड सगळं त्यातच. नवीन घ्यायला गेलो तर बॉडी नि एक लेन्स यातच बजेट संपतंय, म्हणून सेकंडहँड बघतोय. कॅनन १५०० डी, निकॉन डी ३५०० आणि सोनी ए ६००० ही तीन नावं सारखी ऐकतोय. पुढे जमलं तर चालत्या गाड्याही काढायच्यात. मला यातलं फारसं कळत नाही, सविस्तर सांगितलंत तर उपकार होतील.

घाटवळण:
काकांसाठी करताय हे वाचून फार बरं वाटलं, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

पुढचा भाग फुगतो त्यात मोबाईलपेक्षा आपण कुठे उभे राहतो त्याचा वाटा जास्त. मोबाईलची मेन लेन्स वाईड असते, गाडी फ्रेमभर यावी म्हणून आपण जवळ जातो, मग जवळचा हेडलाईट मोठा आणि मागची डिकी बारकी दिसते. कॅमेरा घेऊन लेन्स १८ एमएमला, म्हणजे सर्वात वाईड ठेवून तसंच जवळून काढलंत तर तसंच येणार. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ वर, म्हणजे पूर्ण झूमवर न्या आणि मागे सरका. पद्मिनी जवळपास चार मीटर लांब आहे, पूर्ण साईड व्ह्यूला ५५ वर १२-१३ मीटर लांब उभं राहावं लागेल, १०० एमएमला वीसच्या वर. म्हणजे जागा मोकळी हवी, गल्लीत किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे जमत नाही. पण तेवढ्या लांबून गाडीचा आकार डोळ्याला दिसतो तसा येतो, छताची रेघ, ती मागची चौकोनी डिकी, सगळं प्रमाणात.

म्हणून माझं स्पष्ट मत, बॉडीवर कमी आणि लेन्सवर जास्त खर्च करा. वापरलेला १५०० डी, त्यासोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन्ही लेन्स. मला चार वर्षांपूर्वी हा सगळा सेट २४ हजारांत मिळाला होता. फोकस पॉइंट ९, सेकंदाला ३ फोटो, कागदावर कमी वाटेल, पण उभ्या गाडीला याहून जास्त काही लागत नाही आणि २४ मेगापिक्सल अल्बमच्या पूर्ण पानाला आरामात पुरतात. स्वस्त पडतो म्हणून ३००० डी घेऊ नका, त्यात लेन्स बसते ती रिंगच प्लास्टिकची आहे.

या दोन्ही लेन्सना पुढे ५८ एमएमचा फिल्टर बसतो, म्हणजे एकच सीपीएल घेतला की काम झालं. सीपीएल म्हणजे पोलरायझर. तो लेन्सवर गोल फिरवत जायचं आणि बॉनेटवरची झाडं, तारा नि काचेवरचं आभाळ कसं उतरतं ते बघत राहायचं. एका कोनात बॉनेट साफ होतं तेव्हा दरवाजावरचं प्रतिबिंब तसंच राहतं, मग ट्रायपॉडवरून दोन-तीन फोटो काढून नंतर जोडायचे. तो लावला की प्रकाश दीड-दोन स्टॉप कमी होतो, म्हणजे तिसरा-चौथा हिस्साच आत येतो, त्यामुळे ट्रायपॉड हवाच. आणि पद्मिनीच्या बाबतीत महत्त्वाचं म्हणजे क्रोमवर पोलरायझर चालत नाही! धातूवरचं प्रतिबिंब त्याने जात नाही. बंपरमध्ये, ग्रिलमध्ये काय दिसतंय ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावरच ठरणार. पाठीमागे मोकळं शेत किंवा एकाच रंगाची लांब भिंत असू द्या, स्वतः गडद साधा शर्ट घाला, मित्रमंडळींना बाजूला उभं करा.

वेळ सूर्य मावळल्यावरची पंधरा-वीस मिनिटं. आभाळच एक मोठी लाईट होतं, पत्र्यावर उन्हाचे चट्टे पडत नाहीत. ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) एफ ८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, दोन सेकंदांचा टायमर. क्रीम गाडी फ्रेमभर असली की कॅमेरा फोटो काळपट करतो, म्हणून एक्स्पोजर +०.७ वर ठेवा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाईलमध्ये काढा, पिवळेपणा नंतर नीट करता येतो. पुढचं चाक थोडं वळवा, टायरची जाडी दिसण्याऐवजी चाकाचा चेहरा कॅमेऱ्याकडे यायला हवा. आणि कॅमेरा डोळ्याजवळ नको, गुडघे टेकून हेडलाईटच्या उंचीला आणा.

मुंबईची_लेन्सवाली:
वरच्या दादांशी सहमत. सेकंडहँडबद्दल मात्र नीट ऐक, कारण मी एकदा फसलेय. बोरीबंदरजवळच्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची खूप दुकानं आहेत, मुंबईत येणं होणार असेल तर तिथे हातात घेऊन बघ. मी मात्र कुणाकडून तरी ऑनलाईन लेन्स घेतली, फोटोत चकचकीत होती, घरी आल्यावर मोबाईलचा टॉर्च मागून मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखा फंगस. आठ हजार गेले आणि त्या माणसाने नंतर फोनच उचलला नाही. म्हणून लेन्स घेताना ॲपर्चर पूर्ण उघडून टॉर्च मारूनच बघायचं, दुकान असो नाहीतर ओळखीचा माणूस. सेन्सर (फोटो टिपणारी आतली चिप) बघायला एफ २२ वर पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढून झूम कर, काळे ठिपके दिसले तर धूळ आहे, ती साफ होते, पण ओरखडा असला तर सोडून दे. निकॉनचा शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत तो आकडा) फोटोच्या फाईलमध्येच मिळतो, १५०० डी च्या फाईलमध्ये तो नसतो, त्यामुळे तिथे ग्रिप झिजलीये का, बटणं ढिली आहेत का यावरूनच अंदाज घ्यावा लागतो. आणि पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत पडू देऊ नकोस, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेव, सांगलीत जुलै-ऑगस्टला काय दमट असतं ते तुला माहीतच आहे.

पॅनिंग६०:
मी थोडा वेगळा सल्ला देईन. चालत्या गाड्या खरंच काढायच्या असतील तर ए ६००० चा विचार करा. २०१४ चा आहे पण सेकंदाला ११ फोटो आणि १७९ फेज डिटेक्ट (झटपट फोकस पकडणारे) पॉइंट, फोकस फ्रेमच्या कडेपर्यंत पकडतो. अडचण लेन्सची आहे, त्याच्या झूम लेन्स महाग पडतात, ३० हजारांत दोन्ही बसणं कठीण. डी ३५०० मधोमध आहे, ११ पॉइंट, सेकंदाला ५ फोटो, बॅटरी खूप चालते. फक्त त्याच्या बॉडीत फोकस मोटर नाही, म्हणून निकॉनच्या जुन्या एएफ-डी (स्वतःची मोटर नसलेल्या) लेन्स स्वस्तात मिळाल्या तरी घेऊ नका, त्या हाताने फोकस कराव्या लागतील.
कॅमेरा कुठलाही घ्या, पॅनिंग, म्हणजे चालत्या गाडीबरोबर कॅमेरा वळवत फोटो काढणं, १/६० सेकंदाच्या शटरवर सुरू करा. गाडी समोर यायच्या आधीपासून कंबरेतून वळायला लागा, क्लिक झाल्यावरही वळत राहा. पन्नासात तीन-चार चांगले आले तरी समाधान माना. रस्त्याच्या वळणावर उभे राहू नका, ताम्हिणीत मी लोकांना अगदी पांढऱ्या पट्टीवर बसून काढताना बघितलंय, कृपया तसं करू नका.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. १५०० डी दोन्ही लेन्ससह मिळाला, टॉर्च मारून बघितला, स्वच्छ आहे. सीपीएल नि ट्रायपॉड धरून २८ हजार झाले. काल विमानतळाच्या जुन्या माळावर गाडी नेली, काका स्वतः फडकं घेऊन मागे मागे. बॉनेटवर ना झाडं ना तारा, एकदम साफ आलंय! एकच शंका, सीपीएल लावल्यावर मागच्या काचेत निळसर-जांभळे ठिपके दिसतात. काच खराब आहे की फिल्टर?

घाटवळण:
दोन्ही नाही. ती टफन्ड काच असते, कडक करताना तिच्यात ताण राहतो आणि पोलरायझरमधून तोच ठिपक्यांसारखा दिसतो. फिल्टर थोडा परत फिरवा, ठिपके फिके होतील, किंवा काचेपुरता फोटो सीपीएल काढून घ्या आणि जोडा. आणि फडकं घेऊन उभ्या काकांचाही एक फोटो अल्बममध्ये ठेवा.