मामा तलाव ठेकेदाराला द्यायचा का? सल्ला हवा

नमस्कार मंडळी. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, मामा तलावाची (मालगुजारांच्या काळातला जुना तलाव) मासेमारीची लीज आमच्या ढिवर मासेमारांच्या सोसायटीकडे आहे. परतीचा पाऊस दगा देतो, मग धानाला पाणी सोडतात आणि जानेवारीतच गुडघाभर पाणी उरतं, मासोळी वाढणार कुठून. आता एक ठेकेदार म्हणतो लीज मी भरतो, मासोळीचं बीज मी टाकतो, तुम्ही जाळं ओढा, किलोमागे मजुरी घ्या. अर्धे सभासद तयार आहेत. आई मात्र नाही म्हणते. काय करावं?

भंडाऱ्याचा भाऊ: आधी करारनाम्यात पोटठेक्याची अट वाच भाऊ. आमच्याकडे असंच झालं, कागदावर सोसायटी आणि तलावाच्या पाळीवर (बांधावर) चौकीदार ठेकेदाराचा, काटाही त्याचाच. संध्याकाळी झिंगे धरायला गेलेल्या बायांना हाकललं, तेव्हा डोळे उघडले.

नवेगावची ताई: तुझी आई बरोबर बोलते बाळा. रोहू-कतला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही म्हणून दरवर्षी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत घ्यावी लागते, खर्च तिथेच आहे. मरळ, शिंगी तलावातच अंडी घालून वाढतात, फुकट. पण त्यांना काठाला वनस्पती लागते. आमच्या बायांनी उन्हाळ्यात बेशरमाची झुडपं मुळासकट उपटली, कोरडा काठ नांगरला, पाणी आल्यावर चिखलात उतरून देशी वनस्पती लावल्या. आणि गवत्या मासा (ग्रास कार्प) कुणालाही टाकू देऊ नका, तो सगळं खाऊन टाकतो.

जुना कार्यकर्ता: मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापित आदिवासींनी लढून 1996 ला मासेमारीचा हक्क मिळवला, आपला संघ काढून बीज टाकणं, विक्री सगळं स्वतः केलं, तरी 2006 नंतर सरकारने मुदत वाढवली नाही. लीज ही अशी मुदतीची असते. तुमचा तलाव वनजमिनीत येतो का बघा, येत असेल तर वनहक्क कायद्यात मासोळीवर सामूहिक हक्क सांगता येतो, दावा ग्रामसभेतून टाका.

प्रश्न विचारणारा: रविवारी सभा आहे, करारनाम्याची झेरॉक्स उद्याच मागतो. पण झिंगे धरणाऱ्या बायांपैकी एकही सोसायटीत सभासद नाही, त्यांना बोलू देतील का?

नवेगावची ताई: सगळ्या जणी मिळून जा, सोबत सभासदत्वाचे अर्जही न्या. तुझ्या आईला पुढे बसव.