‘आय अ‍ॅम सॉरी’: तुम्हाला कुठे, कसं भेटलं?

सॉरी हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय की त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असं आपण धरूनच चालतो. माझा हा भ्रम वडील गेले त्या आठवड्यात फिटला. रजेसाठी वरिष्ठ बाईंना फोन केला. त्या इंग्लंडच्या. कारण सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता, मग हळू आवाजात, “ओ, आय अ‍ॅम सो सॉरी.” माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, “इट्स ओके, इट्स ओके.” फोन ठेवल्यावर डोक्यात प्रकाश पडला की आपण काय बोललो: वडील गेले, चालायचंच, तुम्ही मनावर घेऊ नका! आपल्या लेखी सॉरी म्हणजे माफी, आणि माफी मागितली की ती मोठ्या मनाने देऊन टाकायची. त्या बाई माफी मागतच नव्हत्या.

तुमचे किस्से लिहा. फजितीचे असले तर उत्तमच.

*

माझी पहिली नोकरी फोनवरची, परदेशी ग्राहकांशी बोलायची. एक गृहस्थ म्हणाले, “सॉरी?” मी म्हटलं, “नो प्रॉब्लेम, सर,” आणि पुढे बोलत राहिलो. पुन्हा “सॉरी?” पुन्हा माझं औदार्य. तिसऱ्या खेपेला ते ओरडले, की बाबा रे, मला तुझं एक अक्षर ऐकू येत नाहीये. सूर शेवटी वर गेला की सॉरी म्हणजे “काय म्हणालात?”, हे प्रशिक्षणात कुणी सांगितलंच नव्हतं. तिथे तीन दिवस ‘आर’ कसा उच्चारायचा हेच चाललं होतं.

*

पहिल्या किश्शाबद्दल: उत्तर नुसतं “थँक यू” असतं. मलाही दोन मृत्यूंनंतर कळलं.

*

मी इंग्रजी मालिकांची सबटायटल्स मराठीत करते. दारात पोलीस, आतून आई येते, पोलीस टोपी काढून म्हणतो, “आय अ‍ॅम सॉरी, मॅम.” पुढे संवाद नाही. नवशिकी होते, लिहून टाकलं, ‘मला माफ करा, बाई.’ तपासणाऱ्याने समासात विचारलं, ‘खून यानेच केलाय का?’ मग ‘मला खेद वाटतो’ करून पाहिलं, तर तो पोलीस सरकारी पत्र वाचतोय असं वाटायला लागलं. शेवटी ‘बातमी वाईट आहे’ वर भागवलं. अजून समाधान नाही.

पण या शब्दाच्या दुतोंडीपणावर दोन देशांचं भांडण मिटलंय, ते सांगायला हवं. एप्रिल २००१ मध्ये चीनच्या हैनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान हवेत धडकले. चिनी वैमानिक गेला. अमेरिकी विमान कसंबसं हैनानवर उतरलं आणि त्यातले २४ जण चीनच्या ताब्यात सापडले. चीनला माफी हवी, अमेरिका मागायला तयार नाही. ११ एप्रिलच्या अमेरिकी पत्रात ‘व्हेरी सॉरी’ दोनदा घातलं: एकदा वैमानिकाच्या कुटुंबासाठी, एकदा तोंडी परवानगी न मिळवता हद्दीत शिरून उतरल्याबद्दल. अमेरिका म्हणाली ही माफी नव्हे, चीनने आपल्या लोकांना ती माफीच म्हणून सांगितली, आणि माणसं सुटली. तेच पत्र मराठीत लिहायचं असतं तर ‘माफी’ की ‘खेद’ हे ठरवावंच लागलं असतं. बसले असते भांडत.

*

मी कॅनडात, ऑन्टारियोमध्ये नर्स आहे. इथे येण्याआधी ज्या रुग्णालयात होते तिथे ‘नातेवाइकांना सॉरी म्हणू नका, कोर्टात अंगाशी येईल’ अशी तंबी असायची. इथे २००९ पासून कायदाच आहे: माफी मागितली म्हणून चूक कबूल केली असं दिवाणी दाव्यात धरता येत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने अपघातांच्या बाबतीत १९८६ सालीच सहानुभूतीच्या शब्दांना असं संरक्षण दिलं होतं.

तरी सवय लागायला वेळ गेला. एका आजोबांची शीर सापडेना. तीनदा टोचलं, तीनदा सॉरी. ते म्हणाले, पहिल्या दोन सॉरी मला दुखलं म्हणून होत्या, तिसरी तुझं चुकलं म्हणून होती, आवाजावरून कळतं. खरंच होतं ते. तिसऱ्या वेळी मी घाई केली होती.

*

वर चीनचं आलंय म्हणून ऑस्ट्रेलियाचं. तिथे आदिवासी मुलांना सरकारने घरांतून उचलून नेलं होतं. मे २००० मध्ये सिडनीच्या हार्बर पुलावरून समेटासाठी प्रचंड मोर्चा गेला, तेव्हा विमानाने आकाशात धुराने एकच शब्द लिहिला: सॉरी. सरकारचा अधिकृत शब्द मात्र १३ फेब्रुवारी २००८ ला, पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत उच्चारला. मी तेव्हा तिथे शिकत होतो. वर्गात मोठा पडदा लावला होता. शेजारच्या बाकावरची मुलगी रडत होती आणि मी, नेहमीच्या सवयीने, तिला “सॉरी” म्हणालो. कुठल्या अर्थाने, ते आजही सांगता येणार नाही.

*

भाषेच्या किड्यांसाठी: ‘सॉरी’ आणि ‘सॉरो’ ही भावंडं वाटतात, पण नाहीत. सॉरीचं मूळ ‘सोअर’मध्ये, म्हणजे दुखण्यात, ठणकण्यात. माफी नंतर चिकटली.
(आणि हो, मी काल काचेच्या दाराला सॉरी म्हटलं. ठणका माझ्याच कपाळाला होता.)

*

आमच्याकडे हा वाद घरातच. नवरा भांडणानंतर म्हणायचा, “आय अ‍ॅम सॉरी यू फेल्ट बॅड.” म्हणजे वाईट वाटून घ्यायची चूक माझीच! मी म्हटलं, मराठीत बोल. तर म्हणतो, “तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी.” त्या ‘तर’वर पुन्हा तासभर भांडलो. हल्ली तो सॉरी म्हणाला की आमचा मुलगाच आतल्या खोलीतून ओरडून विचारतो, “बाबा, तर आहे का त्यात?”