इंग्रजीतून शिकवण्यासाठी बोलणं सुधारायचंय, काय करू? (बजेट ५००० रु.)

रानजाई
नमस्कार मंडळी. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. परभणी जिल्ह्यातल्या कॉलेजात बरीच वर्षं होते. तिथे पुस्तक इंग्रजी आणि शिकवणं मराठी असंच चालायचं, मुलांनाही तेच हवं असायचं. आता पुण्यात विद्यापीठाच्या विभागात आलेय. एम.एस्सी.च्या वर्गात केरळ, मणिपूर, बिहारची मुलं आहेत, त्यामुळे मराठीचा आधार घेताच येत नाही.
वाचन, पेपर लिहिणं ठीक आहे. तयारी करून गेले की तासही नीट होतो. अडतं ते कुणी मधेच प्रश्न विचारला की. उत्तर येत असतं, पण वाक्य मराठीत तयार होतं, आणि मी फळ्याकडे वळून आकृती काढायला लागते. परवा एकीने विचारलं, दुष्काळात स्टोमाटा (पानावरची छिद्रं) मिटले तर झाड जगतं कसं? मराठीत तासभर बोलले असते. इंग्रजीत दोन वाक्यांत आवरलं.
जूनपर्यंत वेळ आहे, रोज एक तास काढू शकते. बजेट पाच हजार, त्यावर एक रुपया नाही. हॉटेलात ऑर्डर कशी द्यायची ते शिकवणारा क्लास नकोय. सुचवा.

कोथरूडकर७१
क्लासला पर्याय नाही ताई. माझ्या मिसेसनी लावला होता, वन टु वन, अठ्ठावीस हजार. आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती इंग्रजीत सगळ्यांना गप्प करते. पैसे बघू नका.

देगलूरकर
क्लासच्या नादी लागू नका. मी बावीस हजार भरले, एकरकमी. बॅचमध्ये बारावीची पोरं, कॉल सेंटरला जाणारे, आणि मी इतिहासाचा प्राध्यापक. सगळ्यांना एकच माप, 'स्वतःची ओळख करून द्या'. दर आठवड्याला तीच ओळख! मधेच मॅडम बदलल्या, नवीन आल्या त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पैसे परत मागितले तर पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली. अजून राग जात नाही.

जुना_मास्तर
व्याकरण पक्कं करा, बाकी आपोआप येतं. रोज इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचायचा, अडलेले शब्द वहीत उतरवायचे. आमच्या वेळी ॲप नव्हती, यूट्यूब नव्हतं, तरी आमचं इंग्रजी आजच्या पीएचडीवाल्यांपेक्षा सरस होतं.

झेलम
मास्तर, त्यांनी लिहिलंय की वाचन-लेखन ठीक आहे. अडचण बोलण्याची आहे, तीही आयत्या वेळी बोलण्याची.
रानजाई, मी इंजिनिअरिंगला शिकवते. मला उपयोग झाला तो असा. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर जीवशास्त्राची लेक्चर्स आहेत, फुकट, आणि सोबत बोललेला मजकूर लिहिलेला मिळतो. आवडेल असा एक शिक्षक निवड. पाच मिनिटांचा तुकडा ऐक, मजकूर बघून त्याच्याबरोबर बोल, मग सगळं बंद करून तोच मुद्दा स्वतःच्या वाक्यांत सांग आणि फोनवर रेकॉर्ड कर. तो शब्द कुठले वापरतो यापेक्षा एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर कसा जातो, उदाहरण देताना काय म्हणतो, ते टिपून ठेव. आपण नेमके तिथेच अडखळतो, विषयाचे शब्द तर आपल्याला येतातच.
शिवाय गूगल डॉक्समध्ये व्हॉइस टायपिंग लावून बोल, भाषा 'इंग्लिश, इंडिया' ठेव. तुझं सगळंच ते बरोबर लिहील असं नाही, पण एखादा शब्द दरवेळी चुकीचा उमटला तर उच्चार तपासायचा. बहुतेकदा आघात चुकलेला असतो. फोटोसिंथेसिसमध्ये जोर 'सिन्'वर, फोटोसिंथेटिकमध्ये तो 'थे'वर सरकतो. मराठीत असं काही नसल्यामुळे आपण सगळं सपाट बोलतो.

कोथरूडकर७१
उच्चारांचा विषय निघालाच आहे तर, शेवाळाला ॲल्गी म्हणायचं की ॲल्जी? आमच्या सरांनी ॲल्गी शिकवलं होतं, हल्ली सगळे ॲल्जी म्हणतात.

जुना_मास्तर
ॲल्जी. ॲल्गी हे खेड्यातलं.

झेलम
दोन्ही शब्दकोशात आहेत. फंगायचंही (बुरशी) तसंच, फंजाय म्हटलं तरी चालतं. आणि खेड्याचा काही संबंध नाही, इंग्लंडमध्ये ॲल्गी म्हणणारे भरपूर आहेत.

मेलबर्नची_आत्या
सरळ आयईएल्टीएसला बसा. परीक्षा असली की माणूस अभ्यास करतो. माझ्या भाच्याने आठ बँड काढले, आज इकडे पर्मनंट आहे.

देगलूरकर
आत्या, फी सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे, आणि बजेट पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. बोलण्याची परीक्षा पंधरा मिनिटांचीसुद्धा नसते, त्यात तास घेण्याची कसोटी कुठे लागते? वर निकाल दोनच वर्षं चालतो.

मायमराठी
मूळ प्रश्न असा की इंग्रजीतून शिकवायचंच कशाला? २०२१ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने इंजिनिअरिंगसुद्धा मराठीतून शिकवायला परवानगी दिली. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आणि आपण पुण्यात बसून इंग्रजीच्या शिकवण्या शोधतोय.

रानजाई
मराठीतून शिकवायला मला मनापासून आवडतं, आयुष्यभर तेच केलं. पण मणिपूरहून आलेल्या मुलीने काय करायचं? तिनेही तेवढीच फी भरली आहे.

मायमराठी
मराठी शिकायची. आपण त्यांच्याकडे गेलो तर ते हिंदीत तरी बोलतात का?

कॅसच्या_रांगेत
वाद बाजूला ठेवा. मॅडम, प्रमोशन बाकी असेल तर मालवीय मिशनच्या प्राध्यापक-प्रशिक्षण केंद्रातून ओरिएंटेशन करा. पूर्वी एचआरडीसी म्हणायचे तेच. कॅसला, म्हणजे बढतीच्या योजनेला, धरतात. आम्हाला प्रत्येकाला सगळ्यांसमोर तास घ्यायला लावला होता, मी इंग्रजीत घेतला, भीती तिथेच गेली. बाकी एनपीटेलच्या (NPTEL) साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे स्पोकन इंग्लिशचे कोर्स आहेत. शिकायला फुकट, परीक्षा दिली तरच हजार रुपये.

मेलबर्नची_आत्या
यूट्यूबवर एमआयटीची लेक्चर्स आहेत, ती ऐका. कुणी सुचवलं नाही अजून.

अबोली_कुडाळ
विषय सोडून विचारते, पण मला त्या स्टोमाटाच्या प्रश्नाचं उत्तर हवंय. झाड जगतं कसं?

रानजाई
अगं, फार सुंदर गोष्ट आहे ती. पानावरची ही छिद्रं उघडली की कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण त्याच दारातून पाणी बाहेर जातं. म्हणजे अन्न हवं तर पाणी गमवावं लागतं. निवडुंग, घायपात, अननस यांनी वेळच बदलून टाकली. ती छिद्रं रात्री उघडतात, गारव्यात. आलेला कार्बन मॅलिक ॲसिडच्या रूपात पेशीत साठवतात आणि दिवसा दारं बंद ठेवून उन्हात तोच वापरतात. म्हणून यांचा हिरवा भाग पहाटे आंबट लागतो आणि संध्याकाळपर्यंत आंबटपणा उतरतो. आमच्या परभणीची ज्वारी वेगळं करते. ती कार्बन आधी गोळा करून एका जागी दाट करते, त्यामुळे छिद्रं थोडीच उघडी राहिली तरी तिचं भागतं. गव्हाला ते जमत नाही. म्हणून कमी पाण्यात ज्वारी तग धरते.

झेलम
आत्ता जे लिहिलंस तेच इंग्रजीत फोनवर बोल. आज. तुझ्याकडे सांगण्यासारखं केवढं आहे!
आणि एक राहिलं. प्रश्न आला की लगेच उत्तराला लागू नकोस. आधी तो प्रश्न स्वतःच्या शब्दांत वर्गाला परत सांग. मागच्या बाकांना बऱ्याचदा तो ऐकूच आलेला नसतो, आणि तुला जुळवाजुळवीला वेळ मिळतो. मग एका वाक्यात उत्तर, त्यानंतर कारण, शेवटी उदाहरण. प्रत्येक टॉपिकवर मुलं काय काय विचारतील ते आधी लिहून काढ आणि उत्तरं मोठ्याने बोलून बघ. इतकी वर्षं शिकवतेयस, प्रश्न तुला पाठ असतील.

कॅसच्या_रांगेत
+१. आम्हाला ओरिएंटेशनमध्ये हेच सांगितलं होतं.

रानजाई
सगळ्यांचे आभार. बराच विचार करून ठरवलं. क्लास नाही, परीक्षा नाही, कोर्सही सध्या नाही. इंग्रजी विभागात एक मुलगी पीएचडी करतेय, तिची फेलोशिप रखडली आहे. पाच हजार तिला देणार. ती अधूनमधून माझ्या तासाला मागे बसेल, मी कुठे अडले, कुठे फळ्याकडे वळले ते टिपेल, आणि नंतर आम्ही दोघी चहावर तेवढंच घेऊन बसू. मुलांना आधीच सांगितलंय ती का बसते ते. झेलम, प्रश्न परत सांगायचं काल करून बघितलं, केरळच्या मुलाने स्वतःच पुढचं अर्धं उत्तर दिलं.

जुना_मास्तर
प्राध्यापकाच्या वर्गात विद्यार्थिनी परीक्षक म्हणून? वर्गाचा मान राहणार नाही.

देगलूरकर
मास्तर, मला पटलं हे. मॅडम, तिला इतिहासाचे तास ऐकायला आवडतील का, विचाराल? ऑनलाइन. पैसे मी देईन, पण दर महिन्याचे महिन्याला.

कोथरूडकर७१
मिसेसच्या क्लासचा नंबर हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.