तुमचा बरोबरीत सुटलेला डाव आणि त्याची ओपनिंग

बुद्धिबळातले जिंकलेले डाव सगळेच सांगतात, मला बरोबरीचे हवेत, टुर्नामेंटमधले. ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चालींची पद्धत, नक्की लिहा. सुरुवात मी करते.

सांगलीची ओपन, मी काळ्यात, फ्रेंच डिफेन्स. त्यात ई६ला प्यादं गेलं की आपला पांढऱ्या घरांवरचा उंट मागे कोंडतो, तरी मला तीच आवडायची. चार तासांनी माझ्याकडे राजा, तोच उंट आणि ए फाईलचं (कडेच्या उभ्या रांगेतलं) एक प्यादं, समोरच्या आजोबांकडे नुसता राजा. बघणाऱ्यांना वाटलं झालं हिचं काम. पण प्याद्याचा वजीर जिथे व्हायचा ते ए१ हे काळं घर, माझा उंट पांढऱ्या घरांचा, आणि आजोबांचा राजा नेमका त्या कोपऱ्यात जाऊन बसलेला, त्याला हुसकावणार कोण? प्यादं पुढे रेटलं की स्टेलमेट, म्हणजे राजाला शह नाही पण चालही नाही, डाव बरोबरीत. "पोरी, उंट चुकीचा उरला गं तुझा," म्हणाले आणि हात पुढे केला. फ्रेंच अजूनही खेळते.

---

बर्लिन डिफेन्स! समोरचा माझ्यापेक्षा तीनशे रेटिंगने वर. आठव्या चालीला दोन्ही वजीर गेले, माझं कॅसलिंगही (राजाला हत्तीआड नेणं) गेलं, सी फाईलवर प्याद्यामागे प्यादं. पण २००० साली लंडनला जगज्जेतेपदाच्या मॅचमध्ये क्रॅमनिकने कास्पारोव्हसमोर बर्लिनचे चार डाव खेळले आणि चारही बरोबरीत सुटले, अख्ख्या मॅचमध्ये कास्पारोव्हला एकही डाव जिंकता आला नाही. ते चारही डाव मी वहीत उतरवून पाठ केले होते, त्यामुळे राजा सी८वरून बी७ला नेताना हात थरथरला नाही. तो अर्धा पॉइंट मला कपापेक्षा मोठा आहे.

---

माझी लेक, अंडर नाईन, लंडन सिस्टीम, हत्तीने मागे होती. तीच पोझिशन तिसऱ्यांदा येतेय दिसल्यावर तिने चाल न खेळता आधी कागदावर लिहिली, घड्याळ थांबवलं आणि आर्बिटरना, म्हणजे पंचांना, बोलावून बरोबरी मागितली. हा नियम मलाच धड माहीत नव्हता हो, काचेबाहेर उभी राहून रडले.

---

नागपूरकर आहे, त्यामुळे माझा स्वतःचा नाही, दिव्या देशमुखचा सांगतो. जुलै २०२५, बाटुमी, महिला वर्ल्ड कपची फायनल कोनेरू हंपीताईंशी. पहिल्या क्लासिकल (लांब वेळेच्या) डावात दिव्या पांढऱ्यात, पोझिशन इतकी छान की आम्ही घरात कुणी जागचं हललो नाही, आणि हंपीताईंनी तो डाव चिवटपणे वाचवला. दुसराही बरोबरीत, पहिला रॅपिड (कमी वेळेचा) डावही. मग २८ तारखेला दिव्या काळ्यातून जिंकली, ग्रँडमास्टरही झाली. पण पट मांडून बसलो की मी अजून तो पहिलाच डाव लावतो.