अंकोर वाटच्या देवतांचा पोशाख: दरबारातला की छिन्नीतला?

छिन्नी
कंबोडियातल्या अंकोर वाट देवळाच्या भिंतींवर सुमारे 1,800 देवता, म्हणजे उभ्या स्त्रीमूर्ती, कोरल्या आहेत. माझ्या मते त्यांच्या अंगावर बाराव्या शतकातल्या, म्हणजे सूर्यवर्मन दुसऱ्याच्या दरबारातला खराखुरा पोशाख आहे. ठरीव साच्याचं काम असतं तर सगळ्या सारख्याच निघाल्या असत्या. इथे शेजारशेजारच्या दोघींचे केस जुळत नाहीत. एकीला तीन टोकांचा मुकुट, दुसरीच्या केसांत फुलांच्या सरी, तिसरीचा अंबाडा एका बाजूला कललेला. नेसण मात्र ठरलेली: कमरेभोवती एकच लांब कापड, कासोटा नाही, वर उघडं.

मोजपट्टी
केस वेगवेगळे म्हणून पोशाख खरा? पटत नाही. डोकं सोडून बाकी बघा: गळ्यात रुंद हार, दंडावर वाकी, मनगटात कडी, कमरेला लोंबत्या झालरीचा पट्टा, पायांत तोडे. बाईगणिक तोच संच. आणि नेसूच्या कापडाची टोकं दोन्ही बाजूंना माशाच्या शेपटीसारखी फाकलेली! कापड असं आडवं तरंगत नाही. उठाव, म्हणजे मूर्ती भिंतीतून जेवढी पुढे येते तो, इतका कमी आहे की पुढे येणारा घोळ कोरायला दगडच नाही, म्हणून तो बाजूंना पसरवला. पावलांचंही तेच: शरीर समोर, दोन्ही पावलं एकाच बाजूला वळलेली. बांते स्राई या जुन्या देवळातल्या (967) देवतांचा उठाव जास्त, त्यामुळे तिथलं साधं वस्त्र नीट खाली पडतं.

शिलालेखी
दोघेही चौ ताकुआनला विसरलात. हा चिनी वकिलातीतला माणूस 1296-97 मध्ये अंकोरमध्ये होता. तो लिहितो की बायका-पुरुष सगळे कमरेला कापड गुंडाळतात आणि कापडाच्या नक्षीवरून दर्जा कळतो. अंगभर फुलं फक्त राजाला. मोठे अधिकारी आणि राजाचे नातलग यांना विरळ गुच्छ, खालच्या अधिकाऱ्यांना दोनच गुच्छ. सामान्यांपैकी ते दोन गुच्छही फक्त बायकांनाच. नवख्या चिन्याने चुकून तसं कापड नेसलं तर त्याला नियम माहीत नाहीत म्हणून सोडून देत.

मोजपट्टी
मग हा पुरावा माझ्याच बाजूचा झाला. कितीतरी देवतांच्या वस्त्रांवर अंगभर फुलं आहेत. नियम खरा धरला तर हे वस्त्र दरबारी बाईचं नव्हे, देवाचं. शिवाय चौ आला तो अंकोर वाटनंतर जवळपास दीडशे वर्षांनी.

छिन्नी
देवाचं असेना, कापड तर खरं ना! अंकोरच्याच ता प्रोम देवळाच्या 1186 च्या शिलालेखात देवळाच्या संपत्तीत 876 चिनी तलम वस्त्रं आणि 40,620 मोती नोंदलेत. कारागिराच्या डोळ्यांसमोर नमुने होते.

शिलालेखी
दागिन्यांचा पुरावा मात्र लंगडा आहे. तस्करीचा आरोप असलेला पुराणवस्तूंचा व्यापारी लॅचफोर्ड, त्याच्या संग्रहातले 77 सोन्याचे ऐवज 2023 मध्ये कंबोडियाला परत मिळाले. त्यांत मुकुट आहेत, कमरपट्टे आहेत, कर्णभूषणं आहेत. पण चोरीचा माल, कुठल्या देवळात सापडला त्याची नोंद नाही. ते बाईच्या अंगावर होते की मूर्तीच्या, कसं ठरवणार?

वाळूखडक
वाद घालण्याआधी नक्षी नीट वाचा. फुलांची रेघ फार उथळ असते. समोरून ऊन पडलं की फोटोत कापड कोरं दिसतं. पश्चिमेच्या भिंतीवर मध्यान्ह टळताच ऊन घासून पडतं, तेव्हा फोटो घ्या.

कोरं कापड दिसलं तर पट्ट्याची झालर आणि काठ तपासा. ते तीक्ष्ण असतील तर कापड मुळात साधं किंवा काम अर्धवट राहिलेलं. तेही पुसट असतील तर दगड झिजलाय. हा वाळूखडक ओल आणि क्षारांनी पापुद्र्यांनी सुटतो. वटवाघळांच्या विष्ठेतले क्षार त्यात भर घालतात. त्या पापुद्र्यासोबत आधी नक्षी जाते, घाट मागे राहतो. एवढं न पाहता ‘साध्या’ आणि ‘फुलांच्या’ बायका मोजणं म्हणजे झीज मोजणं.

मोजपट्टी
हे मान्य. पण अंकोरमधल्याच बायोन देवळाच्या बाहेरच्या दालनात बाजारातल्या बायका कोरल्यात, तिथे साधं कापड आहे, मुकुटबिकुट काही नाही. जिवंत बाई दाखवायची तेव्हा कारागीर असं कोरतो.

छिन्नी
भाजीवालीवरून राणीवसा ठरवता होय! अंकोर वाटच्याच दक्षिण दालनात पालख्यांतून जाणाऱ्या राजस्त्रिया आहेत. तुलना करायची तर त्यांच्याशी करा, आणि वाळूखडक म्हणतात तशी झीज वजा करून.