टर्नओव्हरला ‘हातचा’ म्हणावं का?

कळफलक: एनिग्मा या गुप्तलेखनाच्या जुन्या यंत्राची नक्कल सॉफ्टवेअरमध्ये लिहितोय, निव्वळ हौस म्हणून. पडद्यावरचा प्रत्येक शब्द मराठी हवा असा हट्ट आहे. अक्षरं बदलणाऱ्या फिरत्या रोटरला ‘चकती’, तारांनी अक्षरांच्या जोड्या अदलाबदल करणाऱ्या प्लगबोर्डला ‘जोडफळी’, वीजप्रवाह चकत्यांतून परत पाठवणाऱ्या रिफ्लेक्टरला ‘परतचकती’. इथवर भागलं, अडलं टर्नओव्हरला. उजवी चकती दर कळीला एक घर सरकते आणि ठरावीक अक्षरावर तिची खाच आली की पुढच्या कळीला शेजारच्या चकतीलाही सरकवते. मी ‘हातचा’ लिहिलं. मैत्रिणीने खोडलं: हातचा माणूस मनात धरतो, चकती नाही.

पाटीपेन्सिल: खोडायचं कारण नाही. सात आणि आठ पंधरा, पाच मांडले, हातचा एक. आमची आजी तो एक खरोखर बोट मुडपून धरायची. शब्द तिथूनच आला असणार, मला शंका नाही.

आडवी वेलांटी: मग ‘हातचं राखून’ आठवा. हातचा म्हणजे आपल्यापाशी ठेवलेला. इथे तर चकती पुढे देऊन टाकते. ‘संक्रमण’ लिहा. सूर्य राशी ओलांडतो तसं.

रोजची भाषा: संक्रमण वाचून निम्म्या लोकांना रोगाची साथ आठवेल. सरळ ‘टर्नओव्हर’ ठेवा.

आडवी वेलांटी: तो अर्थ हिंदीतून आला. मराठीत त्याला संसर्ग म्हणतात. आपला शब्द दुसऱ्याने वापरला म्हणून आपण सोडायचा?

खिटी: शब्दाआधी यंत्र बघा. डावीकडून क्रमांक एक, दोन, तीनच्या चकत्या लावा आणि चकत्यांची अक्षरं दाखवणाऱ्या खिडक्यांत एडीयू आणा. पुढच्या कळींना एडीव्ही, एईडब्ल्यू, बीएफएक्स दिसतं. मधली चकती लागोपाठ दोनदा सरकली! डावीला ढकलताना ती स्वतःही ढकलली जाते. बेरजेतला हातचा असं कधी करत नाही. म्हणून चकत्या मूळ जागी २६×२६×२६ म्हणजे १७,५७६ कळींनी येत नाहीत, २६×२५×२६ म्हणजे १६,९०० कळींनी येतात.

मीही हातचा समजूनच कोड लिहिला होता. त्याच तीन चकत्या, बी प्रकारचा रिफ्लेक्टर, जोडफळी रिकामी, चकत्यांवरच्या अक्षरांच्या कड्या आणि खिडक्या सगळीकडे ए. पाच वेळा ए दाबल्यावर बीडीझेडजीओ आलं, म्हणजे बरोबर. पण पाच कळींत मधली चकती हलतच नाही. शंभर कळींपर्यंत सगळं जुळलं, १०१व्या कळीला चकत्यांची जागा चुकली आणि पुढचा मजकूर बिघडला. दोन रात्री मी जोडफळीत चूक शोधत होतो. तुमच्या शब्दाने पुढच्या माणसाला तीच चूक करायला लावू नका.

कळफलक: हे लाखमोलाचं. मग ‘ढकल’ कसं वाटतं? आणि मधलीच्या त्या जास्तीच्या सरकण्याला ‘दुढकल’?

आडवी वेलांटी: दुढकल उच्चारून बघा. जीभ अडखळते.

पाटीपेन्सिल: ढकल चालेल, पण हातच्यावर अन्याय नको. वजाबाकीतही आम्ही ‘हातचा घेतला’ म्हणायचो.

रोजची भाषा: वजाबाकीत उसना घेतात! हातचा बेरजेत.

पाटीपेन्सिल: आमच्या बाईंनी सात वर्षं हातचाच शिकवला. आणि उसना म्हटला की परत करावा लागतो. वजाबाकीत तुम्ही दशकाला तो परत कधी केलात?

रोजची भाषा: करतो की. खालच्या अंकात एक मिळवायची रीत असते ना, तीच परतफेड.

खिटी: ती रीत मला नवीन आहे. एक उदाहरण मांडून दाखवाल?